कांद्यावर लादलेले गुण आणि दोष

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला. त्या साथीत ई-मेलमधून एक गोष्ट फिरत होती: १९१९च्या फ्लूत कुणा शेतकऱ्याने खोल्याखोल्यांत चिरलेला कांदा ठेवला आणि त्याचं घर वाचलं. शेतकऱ्याचं नाव नाही, गाव नाही. फ्लूचा विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. त्याला हवेतून ओढून घेईल असं कांद्यात काही नसतं. पण उन्हात निघताना खिशात कांदा ठेवणाऱ्या आपल्या मुलखात ही गोष्ट पटायला फार वेळ लागत नाही.

एप्रिल २०२१मध्ये असे समज निरुपद्रवी राहिले नाहीत. २१ तारखेला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन पुरवठा थांबला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. लोक एकेका सिलिंडरसाठी वणवण करत असताना मोबाइलवर मात्र उपाय येत होता, सैंधव मीठ लावलेला कच्चा कांदा खा, कोरोना जाईल. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेकने तो खोटा ठरवला. मला त्याची आजही चीड येते. दम लागलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे मोलाचे तास असल्या उपायांत जातात.

महिनाभरात तोच कांदा आरोपी झाला. सालीवरच्या काळ्या थरामुळेच ‘ब्लॅक फंगस’ होतो, असं सांगितलं जाऊ लागलं. हा दावा जास्त फसवा होता, कारण काळा थर खरा होता. उन्हाळ कांदा चाळीत भरला, उष्णता आणि दमटपणा वाढला की सालींमध्ये काळी बुरशी धरते, हे निफाड-येवल्यात कुणालाही ठाऊक आहे. पण ती बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर. ‘ब्लॅक फंगस’ म्हणजे म्युकरमायकोसिस होतो तो म्युकोरेल्स गटातल्या बुरशींमुळे. त्यांचे बीजाणू माती, हवा आणि कुजक्या पाल्यात असतात. श्वासावाटे ते नाकात जातात, आणि अनियंत्रित मधुमेह किंवा स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खचली असेल तर तिथे मूळ धरतात. दोन्हींत साम्य फक्त ‘काळ्या’ नावाचं. खऱ्या निरीक्षणाला भलताच आजार जोडलेला असतो, तेव्हा मी एकच विचारतो: हे शरीरात कुठल्या वाटेने जातं आणि तिथे नेमकं काय करतं? निरोपात याचं उत्तर नव्हतं.

काळा थर असेल तर वरच्या साली काढाव्यात, कांदा धुवावा. आत मऊ पडला असेल तर फेकावा. चाळीत कांदा निवडणाऱ्या बायांच्या नाकातोंडात ती काळी धूळ दिवसभर जाते. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना तिचा त्रास होऊ शकतो. या बायांना मास्क द्या, असं सांगणारा निरोप मात्र मला कधी आला नाही.