मात्रा, मुदत आणि स्त्रीबीज

सोलापूरहून पुण्याकडे निघालेल्या हमरस्त्यावर, मोहोळच्या अलीकडे, रसायनांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांनी गजबजलेली जी चिंचोलीची एमआयडीसी लागते, तिच्या फाटकांपुढे खोळंबलेल्या मालमोटारींच्या रेडिएटरांत जे कूलंट ओतलेले असते, त्यातील इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य पोटात गेल्यास माणसाचा प्राणही घेऊ शकते. आणि तरीही कर्करोगाच्या औषधोपचारांपूर्वी आपल्या मातृत्वाची तजवीज करून ठेवू इच्छिणाऱ्या एखाद्या तरुणीची स्त्रीबीजे जेव्हा शून्याखाली 196 अंशांवर, द्रवरूप नायट्रोजनात, ठेवली जातात, तेव्हा त्यांच्या रक्षणाचे काम बहुधा याच द्रव्याकडे सोपविलेले असते.

याच रस्त्याने पुढे गेले की उरुळी कांचन लागते. तेथे मणिभाई देसाई यांनी 1967 साली स्थापिलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने वळूचे गोठविलेले रेत खेडोपाडीच्या गोठ्यांपर्यंत पोहोचविले, आणि नायट्रोजनच्या त्या धुरकटणाऱ्या टाकीचे आमच्या गोपालकांना आता नवलही उरलेले नाही. मग जे रेताला साधले, ते स्त्रीबीजाला साधण्यास इतका विलंब का लागावा? शुक्राणू इवलासा, त्यात पाणी अल्प, आणि संख्या कोट्यवधींची, त्यामुळे त्यांतले पुष्कळ मेले तरी कार्यहानी होत नाही. स्त्रीबीज मात्र मानवी देहातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक, मिलिमीटरच्या सुमारे आठव्या भागाएवढ्या व्यासाचे, पाण्याने भरलेले, आणि एका वेळी हाती येणारे ते मोजकेच. त्यातील पाण्याचे स्फटिक झाले की ते पेशीचे अंतरंग उद्ध्वस्त करतात. स्फटिक टळले तरी गुणसूत्रांना जागच्या जागी धरून ठेवणारा सूक्ष्म तंतूंचा तर्कू निव्वळ गारठ्यानेच विस्कटतो. शिवाय बाह्य आवरण कठीण होऊन शुक्राणूला प्रवेश दुष्कर होतो, म्हणून पुढे तो बारीक सुईने आत सोडावा लागतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हर्षा चावडा हिचा जन्म झाला तो 6 ऑगस्ट 1986 रोजी, ताज्या बीजापासून. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी गोठविलेल्या स्त्रीबीजापासून गर्भधारणा झाल्याचे जाहीर केले. परंतु सावकाश गोठविण्याच्या त्या रीतीत अपयशच फार. खरा पालट झाला तो व्हिट्रिफिकेशनने. हळूहळू निवू दिलेल्या पाकाची खडीसाखर होते आणि कडक पाक झटकन निवविला तर काचेसारखी पारदर्शक गोळी होते. बीजातील पाण्याचीही अशीच, स्फटिक न होऊ देता, काच करावयाची असते. त्यासाठी इथिलीन ग्लायकॉल आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड यांच्या सौम्य द्रावणात बीज प्रथम सुमारे पाव तास ठेवतात, म्हणजे पाणी बाहेर पडून त्याची जागा ही द्रव्ये घेतात. मग त्याहून तीव्र, साखर घातलेल्या द्रावणात अवघे मिनिटभर. आणि लगेच, बारीकशा पट्टीवर थेंबाच्या अंशमात्रासह, थेट नायट्रोजनात. मुदत कमी पडली तर स्फटिकाचे भय, अधिक झाली तर विषाचे. पुन्हा उबेला आणतानाही त्वरा हवीच, कारण मंद वितळण्यात काचेचे स्फटिक होण्यास अवसर मिळतो. इतक्या खटाटोपाचा भार कोणा अनामिक प्रयोगशाळा-सेविकेच्या स्थिर बोटांवर आणि घड्याळावरील नजरेवर असतो, ही गोष्ट जाहिरातींतून कधी सांगितली जात नाही.

अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संस्थेने या रीतीवरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का 2012 साली काढला, आणि जानेवारी 2016 मध्ये माजी विश्वसुंदरी डायना हेडन हिने आठ वर्षे गोठवून ठेवलेल्या बीजापासून मुंबईत कन्येला जन्म दिला, तेव्हा हा विषय आमच्या घराघरांत पोहोचला. मात्र शीत काळाला थोपविते एवढेच; गोठविते वेळी बीजाचे जे वय, तेच पुढेही राहते, म्हणून चाळिशीत गोठविलेल्या बीजाकडून पंचविशीची अपेक्षा करणे व्यर्थ होय. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या आपल्या 2021 च्या कायद्याने तर दफ्तरी आणखी एक प्रश्न लेखी विचारण्याचा दंडक घातला आहे: संबंधितांपैकी कोणाचा मृत्यू झाल्यास, अथवा कोणी असमर्थ ठरल्यास, साठविलेल्या बीजाचे काय करावे, याची स्पष्ट सूचना आणि संमती घेतल्यावाचून ते गोठविण्याची मुभा कोणत्याही केंद्राला नाही.