सीमा आणि बांध

२०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा पेटला. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत रोज चहाबरोबर रणसंग्राम होई. आणि मराठीचा अध्यापक या नात्याने सेनापतिपद अर्थातच माझ्याकडे!

पुढे माघात एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून निपाणीजवळच्या त्याच्या गावी गेलो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. म्हटले, इथे तरी माझ्या आवेशाला दाद मिळेल!

विद्यार्थ्याचे वडील बैलांना वैरण घालीत होते. मी विषय काढताच ते हसले.

"गुरुजी, शेतकऱ्याचं भांडण बांधाचं. आन् ते सख्ख्या भावासंगं! कानडी शेजाऱ्यासंगं आमचा पैरा हाय. एक बैल त्याचा, एक माझा. वेदगंगेचं पाणी तुमच्या कोल्हापूर जिल्ह्यातनं आमच्या रानात येतंय, आन् चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रंला तुमच्या गाड्या हिकडं येत्यात. एक्क्याऐंशी साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागनं हमरस्त्यावर बसलो, तवा शेजारच्याला भाषा कुणी इचारली न्हाई. गोळीबार झाला. गोळीला काय मराठी-कानडी कळतंय व्हय?"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे प्रश्नच नाही तर! पण त्यांनी आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून एक कागद आणला. जमिनीचा उतारा होता. रान त्यांचे, नाव त्यांचे, अक्षरे मात्र कानडी.

"बापजाद्याची जमीन, पर कागद मला वाचता येत न्हाई. ह्यो सल हाय बघा."

"मग कोण वाचून दाखवतो?"

"त्योच की, पैऱ्याचा शेजारी! त्याच्यावर कशाला रागावू? राग हाय त्यो कचेरीवर."

२००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्याच्या कागदपत्रांत हे दुःख असेल. पण दुःख आणि वैर यांच्यामधला हा बांध मला आजवर दिसला नव्हता.

निघताना तो शेजारी आला. दोघे अस्खलित कानडीत बोलू लागले. मराठीत कानडीवरून आलेल्या शब्दांवर मी दरवर्षी तासभर व्याख्यान देतो. त्यांच्या बोलण्यातले मला काय कळले म्हणाल, तर 'अण्णा' एवढा एकच शब्द!