क्विक्नेची वाटणी

मुंबईत १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाने कूस बदलली, असे आपण आजही म्हणतो. ज्योत्स्ना भोळे यांची नायिका, केशवराव भोळे यांचे संगीत, स्त्रियांची कामे स्त्रियांनीच करणे, या साऱ्याची आठवण अधूनमधून निघते. श्री. वि. वर्तकांनी ज्या मूळ नाटकावरून हे रूपांतर केले त्या नाटकाच्या कर्त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. तो नॉर्वेचा ब्यर्नस्त्येर्ने ब्यर्नसन. पुरुषाकडूनही स्त्रीइतक्याच शुद्ध चारित्र्याची अपेक्षा का धरू नये, असा रोकडा सवाल त्याच्या नायिकेने १८८३ साली केला आणि त्यावरून साऱ्या स्कँडिनेव्हियात वादंग माजले. इब्सेनचे नाव आपल्याकडे घरोघरी झाले. ब्यर्नसनचे तसे झाले नाही, आणि तो ज्या गावात जन्मला त्या गावाचे नाव तर इकडे कुणाच्या कानावरही नसेल. ते गाव क्विक्ने. गाव आहे, पण ज्याला स्वतःचा कारभार होता ते क्विक्ने १९६६ सालापासून नाही. आजचा विषय तो आहे.

ट्रॉन्डहाइम शहराच्या दक्षिणेला शंभराहून अधिक किलोमीटर गेले की डोंगरांच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर, हे खोरे लागते. तिथला हिवाळा लांब आणि उन्हाळा इतका आखूड, की जवाचे पीक पदरात पडेलच याची कुणी खात्री देऊ नये. मधून ऑर्क्ला नदी वाहते. ती उत्तरेला वळून ट्रॉन्डहाइमच्या फ्योर्डला मिळते. डोंगरापलीकडे दक्षिणेला ट्यून्सेट हे मोठे गाव आहे, पण त्याची नदी निराळी, ग्लोमा. ती दक्षिणेकडे वाहत जाते. म्हणजे क्विक्नेचे पाणी एका दिशेला उतरते आणि ट्यून्सेटचे दुसऱ्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सारा घोळ तिथेच आहे.

माणसाचा वावर इथे फार जुना. बुबाक नावाच्या जागी शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची एक खाण सापडली. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोक तिथल्या कड्यातूनच भांडी कोरून काढत. पण क्विक्नेचे नाव झाले ते तांब्याने. सन १६३० च्या सुमारास इथे तांब्याचे खनिज मिळाले आणि कामाला धडाक्याने सुरुवात झाली. पुढे जगप्रसिद्ध झालेला रॉरोसचा तांब्याचा कारखाना १६४४ चा, म्हणजे क्विक्ने त्याच्याही आधीचे. त्या काळी देश डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखाली होता आणि खाणीला राजाची सनद लागे. खाणीच्या भोवतालचे जंगल खाणीच्या नावे होई. शेतकऱ्याने लाकूड तोडायचे, कोळसा पाडायचा, गाड्या हाकायच्या, आणि दर ठरवणार दुसराच कुणी. खनिज निघे वर डोंगरात, ते गाळले जाई खाली नदीकाठी इन्सेटला, जिथे लाकूड हाताशी होते. वरचे क्विक्ने आणि खालचे इन्सेट यांची गाठ तांब्याने बांधली ती अशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस खाणीत पाणी शिरले, धंदा बसत गेला आणि १८१२ साली कारखाना कायमचा बंद झाला. मागे उरले सतराव्या शतकातले लाकडी देऊळ, खनिजाचे ढिगारे आणि गुराढोरांवर पोट भरणारे शेतकरी.

अशा उतरत्या काळात पेडर ब्यर्नसन हे इथे पाद्री म्हणून आले. धर्मगुरूंच्या नेमणुकांत ही जागा कुणी हौसेने मागून घ्यावी अशी नव्हती. ब्यर्गान या एकाकी शेतघरात ८ डिसेंबर १८३२ रोजी त्यांच्या पहिल्या मुलाचा जन्म झाला. या मुलाने पुढे 'ब्लाकेन' ही कथा १८६८ साली लिहिली. नावाला ती वडिलांच्या घोड्याची गोष्ट, पण तिच्यात ब्यर्गानचा एकांत आहे, थंडी आहे, आणि गावातल्या दांडग्या मंडळींशी वडिलांची जुंपली तेही आहे. नॉर्वेचे राष्ट्रगीत लिहिणारा आणि १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारा हा लेखक क्विक्नेत राहिला जेमतेम पाच वर्षे. सन १८३७ मध्ये वडिलांची बदली पश्चिमेला नेस्सेट इथे झाली.

गंमत अशी, की १८३७ हेच नॉर्वेच्या खेड्यांच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष. त्या जानेवारीत स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. रस्ते, शाळा, गोरगरिबांचा सांभाळ ही कामे राजाच्या अधिकाऱ्याकडून निघून गावाने निवडलेल्या मंडळाकडे आली. खेड्यांच्या अशा पंचायतीला पुढे 'हेरेड' म्हणू लागले. मतदानाचा हक्क सुरुवातीला जमीनधारक आणि अधिकारी अशा मोजक्या पुरुषांपुरता होता. स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत काही अटींवर मत मिळाले १९०१ साली आणि सरसकट १९१० साली. तरीही दोनशे वर्षे खाणमालकाच्या हिशेबात राबलेल्या शेतकऱ्याला आपल्या गावचा पैसा कुठे खर्चायचा हे ठरवता येणे ही साधी बाब नव्हती. अशा मंडळाच्या अध्यक्षाला तिकडे 'ओर्डफरर' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'बोलणे पोचवणारा'. नगराध्यक्ष, सरपंच या आपल्या शब्दांत अध्यक्षपणा आहे, सरपण आहे. त्यांच्या शब्दात गावाचे म्हणणे आहे. मला हा शब्द फार आवडतो. क्विक्नेला १८३८ पासून १९६५ च्या अखेरपर्यंत, १२८ वर्षे, असा आपले बोलणे पोचवणारा माणूस होता.

मग आली समिती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, निकोलाइ शाय यांच्या अध्यक्षतेखाली नॉर्वे सरकारने एक समिती नेमली. देशात तेव्हा ७४४ पंचायती व नगरपालिका होत्या आणि त्यांतल्या कितीतरींची वस्ती हजाराच्या आसपास. शायसाहेबांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मुलांना नऊ वर्षांचे शिक्षण द्यायचे, वृद्धांना निवारा द्यायचा, रस्ते बांधायचे, तर एवढ्याशा तिजोरीत ते कसे बसणार? कल्याणकारी राज्य हवे असेल तर ते चालवणारे घटकही मोठे हवेत. हे तर्कशास्त्र बिनतोड होते. सन १९६७ पर्यंत ७४४ ची संख्या ४५४ वर आली.

क्विक्नेची लोकसंख्या हजार-बाराशेच्या घरातली. ते टिकणार नव्हतेच. पण इतर अनेक गावे आख्खीच्या आख्खी शेजाऱ्याला जोडली गेली, तसे इथे झाले नाही. १ जानेवारी १९६६ रोजी क्विक्नेची वाटणी झाली. वरचा भाग डोंगरापलीकडच्या ट्यून्सेटला गेला आणि हेडमार्क जिल्ह्यातच राहिला. खालचे इन्सेट नदीच्या प्रवाहाबरोबर उत्तरेच्या रेन्नेबूला जोडले गेले, म्हणजे जिल्हाही बदलला, तो दक्षिण ट्रॉन्डेलाग. इन्सेटच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काही नाही. उतारावरच्या माणसाने खालच्या बाजारपेठेकडे बघावे हे साहजिकच. पण खाण एका जिल्ह्यात आणि तिची भट्टी दुसऱ्या, अशी ती रेघ पडली. सरकारी भाषेत याला 'सीमा समायोजन' म्हणत असतील. आपल्याकडे दोन भाऊ वेगळे निघाले तरी वडिलांचे नाव दोघांकडे राहते. इथे नाव एकाकडेच राहिले, तेही गावाचे, कारभाराचे नव्हे.

एवढ्यावर थांबले असते तर ही जुन्या दप्तरातली एक नोंद ठरली असती. पण दहा-बारा वर्षांतच क्विक्नेच्या जमिनीसंबंधी तांब्याच्या काळानंतरचा सर्वांत मोठा निर्णय पुढे आला. ऑर्क्लाच्या पाण्यावर वीज निर्माण करायची होती. त्यासाठी क्विक्नेतली इनरडालेन ही दरी निवडण्यात आली. नॉर्वेतले शेतकरी उन्हाळ्यात गुरे घेऊन डोंगरातल्या कुरणांवर जातात, तिथल्या छोट्या घरांत दूध-लोणी-चीज करतात. त्या ठिकाणांना 'सेटर' म्हणतात. इनरडालेन ही अशा सेटरांची दरी. पाणी सोडण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले तेव्हा माणसाच्या वावराच्या हजारो वर्षांच्या खुणा निघाल्या. त्यांची नोंद झाली, अहवाल झाला, आणि १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दरीचा तलाव झाला. त्याच सुमारास उत्तरेकडच्या आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्धचे आंदोलन जगभर गाजत होते. इनरडालेनचे नाव त्या गलबल्यात दूरवर ऐकू गेले नाही.

नॉर्वेच्या कायद्याची एक खुबी इथे सांगितली पाहिजे. नदीचे पाणी अडवणाऱ्याने त्या भागातल्या पंचायतींना दरवर्षी शुल्क द्यायचे आणि विजेतला काही वाटा कमी दराने द्यायचा, ही व्यवस्था तिथे १९१७ च्या कायद्यांपासून पक्की झालेली आहे. त्यामुळे काही अगदी चिमुकल्या डोंगरी पंचायती आज श्रीमंत आहेत आणि विलीनीकरणाचा विषय काढला की कान बंद करतात. क्विक्नेच्या बुडालेल्या दरीबद्दल जे यायचे ते ट्यून्सेटच्या तिजोरीत येते. तिथून क्विक्नेला काहीच मिळत नाही असे मुळीच नाही. पण त्या दरीच्या प्रश्नावर बैठक बसली तेव्हा क्विक्नेच्या नावाचा ओर्डफरर तिथे नव्हता. असता तर दरी वाचली असती असा माझा दावा नाही. एवढ्या लहान पंचायतीने कदाचित पैसे पाहून आधी होकार दिला असता. मात्र तो होकार तिचा स्वतःचा असता.

ब्यर्नसनच्या बाबतीत या साऱ्याला आणखी एक शेपूट आहे. त्याचे बालपण गेले ते नेस्सेट २०२० साली मोल्डे नगरपालिकेत विलीन झाले. त्याने १८७४ साली विकत घेतलेले आउलेस्टाडचे घर ज्या पूर्व गाउस्डाल पंचायतीत होते ती १९६२ सालीच शेजारच्या पश्चिम गाउस्डालबरोबर एक झाली. म्हणजे राष्ट्रगीत लिहिणाऱ्या या माणसाची जन्माची, बालपणाची आणि संसाराची, तिन्ही पंचायती आता दप्तरजमा आहेत. जन्मघर ब्यर्गान तेवढे संग्रहालय म्हणून जपले आहे.

२०१८ आणि २०२० मध्ये जिल्हेही बदलले. ट्यून्सेट आता इनलांडेट जिल्ह्यात आहे आणि रेन्नेबू अखंड ट्रॉन्डेलागमध्ये. ट्यून्सेटहून उत्तरेला जाणारा तीन क्रमांकाचा राष्ट्रीय रस्ता क्विक्नेतून जातो, मोठमोठे मालट्रक त्यावरून रात्रंदिवस धावतात, आणि इन्सेटला पोचण्याआधी एक पाटी दिसते. अलीकडे एक जिल्हा, पलीकडे दुसरा. खाली ऑर्क्ला मात्र दोन्ही गावांवरून तशीच उत्तरेला वाहते आहे.