वॉर्ड महिलेला सुटला

‘आपला वॉर्ड महिलेला सुटला.’ महापालिकेच्या आरक्षण सोडतीच्या दिवशी हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू येतं. सभागृहात शाळकरी मूल डब्यात हात घालून चिठ्ठी काढतं, अधिकारी ती उलगडून सगळ्यांना दाखवतात आणि त्याच रात्री इच्छुकांच्या घरात खल सुरू होतो: बायकोला उभं करायचं की वहिनीला? सुटला, म्हणजे हातातून गेला. कुणाच्या, ते सांगावं लागत नाही.

तरीही या चिठ्ठीचं मोल मी कमी मानत नाही. 74व्या घटनादुरुस्तीनं शहरांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं 2011मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात 2007 ते 2015 या काळात विजया रहाटकर, अनिता घोडेले आणि कला ओझा अशा सलग तीन महिला महापौर झाल्या. रहाटकर पुढे राज्य महिला आयोगाच्या आणि 2024मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. जानेवारी 2020मध्ये जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदासाठी मीना शेळके आणि देवयानी डोणगावकर यांना सारखीच मतं पडली, तेव्हा ईश्वरचिठ्ठी काढावी लागली आणि शेळके अध्यक्ष झाल्या. चुरस दोन महिलांमध्येच होती.

अडचण सुरू होते ती निवडून आल्यावर. बजेटमध्ये आपल्या रस्त्याचा पैसा कुठल्या लेखाशीर्षाखाली आहे, फाइल कुठल्या टेबलावर अडली, स्थायी समितीत विषय कसा लावून घ्यायचा, हे कुठल्याही नव्या नगरसेवकाला शिकावं लागतं. पण बाईच्या बाबतीत तोवर ‘ताईंचे मिस्टर’ फोन उचलू लागलेले असतात. ती ठाम राहून काम हातात घेते, लोक थेट तिच्याकडे येऊ लागतात, आणि पुढच्या सोडतीत वॉर्ड खुला होतो. खुल्या जागेवर पक्ष तिला पुन्हा तिकीट देतो का? माझ्या मते आरक्षणाची खरी परीक्षा हीच.

आणि आपल्याकडे तर खुर्च्याच गायब झाल्या. एप्रिल 2020मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि पुढची निवडणूक थेट 15 जानेवारी 2026 रोजी झाली. जिल्हा परिषदेतही 2022पासून प्रशासकच होते. कायद्यातल्या निम्म्या जागा कागदावर राहिल्या. याच काळात शहराच्या नव्या पाणी योजनेचा खर्च 1,680 कोटींवरून 2,740 कोटींवर गेला, आणि त्यावर सभागृहात उभं राहून जाब विचारायला एकही नगरसेविका नव्हती. जायकवाडी धरण जेमतेम पन्नास किलोमीटरवर, पण नळाला पाणी काही दिवसांआड. पाण्याचा दिवस असला की बाई कामावर उशिरा जाते, नाहीतर खाडा करते. पिंप, हंडे, बादल्या ओळीनं मांडून ती लाइनमनला फोन लावते. पूर्वी तिला नगरसेविकेच्या दारात जाता येत होतं. या पावणेसहा वर्षांत ते दारच नव्हतं.

आता महापालिकेच्या 115 जागा 29 प्रभागांत आहेत, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. यात एक चांगली शक्यता मला दिसते. महिलांच्या जागा प्रभागाप्रभागांत असल्यामुळे, काम केलेल्या बाईला पुढच्या वेळी त्याच मतदारांपुढे जाता येईल. जातिप्रवर्गाचं आरक्षण आड आलं नाही तर. मात्र प्रभाग मोठा, म्हणजे प्रचाराचा खर्चही मोठा, आणि तो बाईच्या हातात क्वचितच असतो.

वरच्या पायऱ्यांवर महिला अजून विरळच. जिल्ह्यातल्या विधानसभेच्या नऊ जागांवर 2024मध्ये दोन महिला निवडून आल्या: फुलंब्रीतून अनुराधा चव्हाण, कन्नडमधून संजना जाधव. लोकसभेत औरंगाबाद मतदारसंघानं 1952पासून एकदाही बाईला पाठवलेलं नाही. 2023च्या 106व्या घटनादुरुस्तीनं तिथंही एक तृतीयांश जागा देऊ केल्या, पण त्या जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधल्या. तोवर तिकीट द्यायचं की नाही, हे पक्षांच्याच हाती. आता महापालिकेत निवडून आलेल्यांपैकी किती जणींना खुल्या जागेवर पुन्हा उभं केलं जातं, ते पुढच्या सोडतीनंतर मी मोजणार आहे.