देवांची सोयरीक

पुण्याहून नगरकडे जाताना सुपा आधी दिसते ते कारखान्यांच्या शेडमधून. एमआयडीसी, कंटेनरच्या रांगा, चहाच्या टपऱ्या. पण हमरस्ता सोडून पारनेर तालुक्यातल्या शिवारात बांधाबांधाने चालत गेले, की एखाद्या लिंबाखाली शेंदूर फासलेला धोंडा भेटतोच. नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय तर नाहीतच. अशा न घडवलेल्या देवाला तांदळा म्हणतात. कुठे तो म्हसोबा, कुठे विरोबा. विहिरीच्या काठाला सात दगड ओळीने मांडलेले असले तर त्या साती आसरा. यांना पोथी नाही, बहुतेकांना छप्परही नाही. तरी पेरणीच्या आधी नारळ त्यांच्यापुढे फुटतो, मग बाकीचे देव.

युरोपात अशा देवांच्या भक्तांना ‘पेगन’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘पागानुस’, म्हणजे सरळ सरळ खेडूत. रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती लोकांनी जुने देव न सोडणाऱ्यांना तो चिकटवला. सम्राट थिओडोसियसने इ. स. ३९१-९२ मध्ये बळी आणि जुनी पूजा कायद्याने बंद केली. पुढे ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडमधल्या धर्मप्रचारकांना शहाणपणाचा सल्ला धाडला: देवळे पाडू नका, आतल्या मूर्ती तेवढ्या काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि वास्तू वापरा. बैल कापायची सवय असेल तर सणाच्या जेवणासाठी कापू द्या.

आपल्याकडे असा हुकूम सोडणारा पोप नव्हता. इथे जुन्या-नव्या देवांची सोयरीक जुळवली गेली.

हे देव किती जुने? बांधावरच्या अमुक एका धोंड्याचे वय कोणी सांगू शकत नाही. पण शेजारच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले, तेव्हा एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची, झाकण असलेली लांबट गोल डबी सापडली. डबीत एक स्त्री, तिला डोके नाही. डबीवर दुसरी स्त्री, डोके असलेली, आणि जोडीला मातीचा बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. मध्ये काडी खोचली की बाई बैलावर उभी राहते. काम अगदी ओबडधोबड, पोरांनी पोळ्याला चिखलाचे बैल करावेत तसे. काळ मात्र इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या आसपासचा. ज्या संस्कृतीची ही माणसे, तिचे नाव संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडले आहे. नेवाशालाही त्याच संस्कृतीचे लोक मेलेली तान्ही मुले दोन रांजणांची तोंडे जुळवून घरातच जमिनीखाली ठेवत. बैलावर उभ्या राहणाऱ्या त्या देवीचे नाव काय होते, हे सांगणारे एक अक्षरही मागे उरलेले नाही.

नावे आली ती नंतर. सुप्याच्याच तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला डोंगरात कोरलेले शिवाचे लेणे आहे, साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराचे. आत सप्तमातृकांचा पट आहे: ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा. विहिरीवरच्या आसरा सातच, पण त्यांना ना नवरा, ना वेगवेगळा चेहरा. लेण्यातल्या सातांपैकी सहा जणी कुणा ना कुणा देवाच्या नावाने ओळखल्या जातात. आसरांच्याच या थोरल्या बहिणी, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण महाभारताच्या वनपर्वात स्कंदाभोवती जमलेल्या माता पोरांना पीडा देणाऱ्या आहेत, आणि बाळंतिणीला आसरांची भीती आजही घातली जाते. भीती तीच राहिली. दगडावर छिन्नी चालली आणि बायांना सासरचे नाव मिळाले, एवढे दिसते.

सोयरीक सगळ्यात उघड दिसते ती म्हसोबाच्या बाबतीत. गणिताचे प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत, असे शेंदरी दगड आणि त्यांच्याजवळ सापडणारी बारीक दगडी हत्यारे हुडकत. त्यांचे ‘मिथ अँड रिअॅलिटी’ १९६२ मध्ये आले. म्हसोबाचा संबंध त्यांनी महिषासुराशी जोडला. म्हणजे एका ठिकाणी देवी ज्याच्या छातीवर पाय देऊन उभी आहे, तोच दुसऱ्या ठिकाणी देवीचा नवरा. पुरंदर तालुक्यातल्या वीरला म्हस्कोबा आणि जोगेश्वरीचे लग्न दरवर्षी माघात लागते, वाजतगाजत. ज्याला मारायचे त्यालाच जावई करून घेतले! ग्रेगरीला हे सुचले नसते.

खंडोबाचे तर घरच भरलेले. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. लोककथांत शिंपी, माळी, तेली यांच्याही लेकी त्याच्या घरात नांदतात. ग्युंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या मागोमाग हिंडला आणि मेंढरांच्या वाटांवर हे देव कसे पसरले ते त्याने मांडले. संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’ने याच देवाला शिवाचा अवतार, मार्तंड भैरव केले. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याजवळ कोरठणचा खंडोबा आहे. पौष पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. एरवीही खंडोबाच्या ठाण्यांवर नैवेद्याची वाटणी लक्ष देऊन पाहावी. देवाला पुरणपोळी, वांग्याचे भरीत आणि रोडगा. बकरे देवासमोर नाही, बाहेर. देव मोठा झाला, गोडा नैवेद्य खाऊ लागला, पण खाऱ्या नैवेद्याचे मानकरी उंबऱ्याबाहेर तसेच बसून आहेत.

टाकळीला जायचे झाले तर नगर-कल्याण रस्त्याने जावे आणि बॅटरी सोबत न्यावी. लेण्यात अंधार असतो. मातृकांचा पट पाहून परतताना वाटेत एखादी जुनी विहीर दिसली, तर काठावर पाहून घ्यावे. दगड बहुधा सातच भरतील.