नर्सरीतून आणलेलं रोप महिनाभरात का मरतं? नाशिकच्या हवेत टिकणारी कमी निगेची शोभेची झाडं कोणती?

नाशिक : नर्सरीत तजेलदार दिसणारं रोप घरी आणलं, बाल्कनीत ठेवलं, रोज न चुकता पाणी घातलं आणि तरी महिनाभरात पानं पिवळी पडून ते गेलं. असं दोन-तीनदा झालं की ‘आमच्या हाताला झाडं लागत नाहीत’ म्हणत लोक नाद सोडतात. पण दोष हाताचा नसतो. बहुतेक वेळा पाणी, माती आणि ऊन यांचं गणित चुकलेलं असतं. ते एकदा समजलं, तर आठवड्याला अर्धा तास देऊनही घर हिरवं ठेवता येतं.

मुघलकाळात नाशिक ‘गुलशनाबाद’ म्हणून ओळखलं जायचं. आजही जिल्ह्यात गुलाबाची शेती होते. मग घरातली चार झाडं का टिकू नयेत?

जास्त पाण्याने झाड कसं मरतं?

झाडाच्या मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांना प्राणवायू मिळतो. रोज पाणी घातलं की या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहतात, मुळं गुदमरतात आणि त्यांना बुरशी लागते. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे वरची पानं कोमेजतात. आपल्याला वाटतं झाडाला तहान लागली आहे, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. झाड इथेच हातातून जातं.

नाशिकमध्ये यात काळ्या मातीची भर पडते. ही माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत अडचणीची ठरते. ती पाणी धरून ठेवते, ओली असताना चिकट होते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होऊन कुंडीच्या कडेने सुटते. मग घातलेलं पाणी मुळांपर्यंत न जाता कडेच्या फटीतून खाली निघून जातं.

उपाय सोपा आहे. साधारण ४ भाग लाल किंवा पोयट्याची माती, ३ भाग कोकोपीट, २ भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत आणि १ भाग जाडी वाळू असं मिश्रण करा. त्यात मूठभर निंबोळी पेंड टाका. कुंडीच्या तळाला भोक हवंच. कोकोपीटमुळे वजनही कमी होतं. १२ इंची कुंडीत ओली काळी माती भरली तर वजन सहज २० किलोच्या पुढे जातं. बाल्कनीच्या कठड्यावर अशी कुंडी ठेवणं धोक्याचं आहे.

पाणी कधी घालायचं? बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर थांबा, कोरडं लागलं तरच घाला. घालाल तेव्हा मात्र तळातून निथळेपर्यंत घाला.

बाल्कनी कोणत्या दिशेला आहे?

झाड निवडण्याआधी हा प्रश्न विचारा. नर्सरीतली बरीच रोपं शेडनेटखाली वाढलेली असतात. ती एकदम कडक उन्हात ठेवली की पानं करपतात. नवीन रोप आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात सरकवा.

पूर्व : सकाळचं कोवळं ऊन जवळपास सगळ्या झाडांना मानवतं. मोगरा, जास्वंद, सदाफुली आणि गोकर्णाचा वेल इथे लावता येईल.

पश्चिम : नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांकडे जातो. दुपारनंतरचं ऊन सोसणारी झाडं म्हणजे बोगनवेल, अडेनियम, कोरफड आणि ‘ऑफिस टाइम’.

दक्षिण : हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने या बाल्कनीत थंडीच्या दिवसांत भरपूर ऊन येतं. फुलझाडांसाठी ही जागा उत्तम.

उत्तर आणि घराच्या आत : स्नेक प्लांट, झीझी प्लांट, मनीप्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा. ‘सावलीतली झाडं’ म्हणजे अंधारातली झाडं नव्हेत. दिवसा दिवा न लावता जिथे पेपर वाचता येतो, तेवढा उजेड त्यांना लागतोच.

झीझी प्लांट मातीखालच्या कंदात पाणी साठवतं. स्नेक प्लांट जाड पानांत पाणी साठवतं आणि पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे बाष्पीभवन कमी होतं. म्हणूनच दोन आठवडे गावाला गेलात तरी या झाडांचं काही बिघडत नाही.

छोट्या अंगणात काय लावाल?

रो-हाऊस किंवा बंगल्यासमोर थोडी जागा असेल तर कुंपणाला बोगनवेल लावा. तिचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नसून रंगीत पानं असतात. खरं फूल त्यांच्या मध्ये, छोटं आणि पांढरट असतं. या वेलीला सतत पाणी दिलं की नुसता पाला वाढतो. पाणी थोडं तोडलं की ती रंगाने भरते. पाण्याचा ताण आणि छाटणी यांचं महत्त्व द्राक्षाच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

कडेने रोहिओ आणि सदाफुली, कोपऱ्यात कर्दळ, सावलीत स्पायडर प्लांट अशी रचना केली तर वर्षभर रंग टिकतो. गुलाब हवाच असेल तर सुरुवात देशी गुलाबाने करा. कलमी जातींना खत, छाटणी आणि फवारणी जास्त लागते.

झाडं घरातली हवा शुद्ध करतात का?

हा दावा नर्सरीतल्या पाट्यांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे दिसतो. त्याचं मूळ ‘नासा’च्या १९८९ मधील अभ्यासात आहे. पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. आपल्या घरात दारं-खिडक्यांमधून हवा सतत बदलत असते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचा आढावा घेतला. इमारतीत एरवी जेवढी हवा बदलते, तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान १० ते १००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे झाडं लावा ती डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं म्हणून. शुद्ध हवेसाठी खिडकी उघडा.

घरात लहान मूल असेल तर हे वाचाच

डिफेनबॅकिया हे मोठ्या ठिपकेदार पानांचं झाड दिवाणखान्यात हमखास दिसतं. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ आणि घसा सुजतो. मनीप्लांट आणि सिंगोनियममध्येही हेच स्फटिक असतात. अडेनियम आणि कण्हेर तर विषारीच, त्यांचा परिणाम हृदयावर होतो. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर ही झाडं हाताला येणार नाहीत अशी ठेवा. स्पायडर प्लांट आणि अरेका पाम तुलनेने निर्धोक आहेत. मुलाने पान चावल्याचा संशय आला, तर घरगुती उपाय करत न बसता पानाचा तुकडा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुसरा धोका डेंग्यूचा. कुंडीखालची ताटली आणि बाटलीतला मनीप्लांट या एडिस डासाच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्या. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. ताटली, बाटली घासूनच पुन्हा भरा. पावसाळ्यात ताटल्या काढून ठेवल्या तर उत्तम.

वर्षभराची निगा, थोडक्यात

- उन्हाळा : सकाळी लवकर पाणी द्या. गच्चीवर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधा. मातीवर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन करा.
- पावसाळा : कुंड्यांची भोकं तपासा. अडेनियम, कोरफड आणि स्नेक प्लांट सततच्या पावसातून आत घ्या. फांद्या लावून नवीन रोपं करायला हाच काळ चांगला.
- हिवाळा : पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा झाडांची वाढ मंदावते. पाणी निम्म्यावर आणा, खत थांबवा.
- कीड : पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा.

सुरुवात एकदम वीस कुंड्यांनी करू नका. एक स्नेक प्लांट, एक मनीप्लांट आणि एक सदाफुली आणा. त्यांच्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. तोवर बाल्कनीत ऊन कुठे येतं आणि माती किती दिवसांत वाळते, हे कळलेलं असेल. चौथं झाड कोणतं घ्यायचं, हे मग नर्सरीवाल्याला विचारावं लागणार नाही.