बोलणाऱ्याच्या वेगानं

लखनौच्या चौकात बोलण्यालाही कलेचं मोल होतं. 'उमराव जान अदा' ही मिर्झा हादी रुसवांची १८९९ची कादंबरी याच चौकातल्या खानम नावाच्या बाईच्या कोठ्याभोवती फिरते. नायिका उमराव आपली कहाणी सांगते आणि स्वतः रुसवा ती टिपून घेतात, अशी तिची मांडणी. पुढं याच रुसवांनी बोलणं टिपण्याचं तंत्रही रचलं: उर्दू लघुलेखन. या कामात त्यांच्या जोडीला जसवंतराव चितंबर होते. मराठी वंशाचे, अलाहाबादेत जन्मलेले चितंबर पुढं मेथॉडिस्ट चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात ही विद्या शिकवली जाई.

लघुलेखनात अक्षर नव्हे, ध्वनी लिहितात. आयझॅक पिटमननं १८३७मध्ये मांडलेल्या पद्धतीत 'प' आणि 'ब' यांची रेघ एकच; 'प'ची बारीक, 'ब'ची दाबून ठळक. 'त-द', 'क-ग' यांचंही तसंच. स्वर म्हणजे रेघेलगतचे ठिपके आणि छोट्या रेघा. हात बसला की तेही बरेचसे गळतात आणि लेखक संदर्भावरून शब्द ओळखतो. म्हणून नुसता वेग पुरत नाही. कान तयार लागतो, भाषा मुरलेली लागते.

इंग्रज सरकारला या विद्येची गरज निराळ्याच कारणासाठी होती. सभांमधली देशी भाषेतली भाषणं पोलिसांना शब्दशः हवी होती. म्हणून लखनौच्या वर्गात पोलीसही शिकायला येत. मराठी मुलखातही तेच घडलं. १९१६मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून लोकमान्य टिळकांकडून जामीन मागितला गेला, तो पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपलेल्या मजकुरावरच. पण मुंबई उच्च न्यायालयानं ती भाषणं सुटी वाक्यं वेचून न पाहता सलग वाचली आणि जामिनाचा हुकूम रद्द केला.

वक्त्याला अडकवायला घेतलेली टिपणंच त्याच्या बाजूनं उभी राहिली, कारण ती पुरी होती. लघुलेखकाची निष्ठा बोलणाऱ्याशी नसते, टिपायला पाठवणाऱ्याशीही नसते. ती उच्चारलेल्या शब्दाशी असते.

महाराष्ट्रात आजही राज्य परीक्षा परिषद मराठी लघुलेखनाच्या परीक्षा घेते. ध्वनिमुद्रणाच्या काळातही ही विद्या टिकायला हवी. यंत्र आवाज साठवतं. पण गोंगाटात कोण काय म्हणालं हे समजून त्याच क्षणी कागदावर उतरवणं आणि त्या शब्दांची जबाबदारी घेणं, हे माणसाचंच काम आहे.